पंख्यापासून इंजिनाकडे

१ जून ते ३१ जुलै हे मासेमारीबंदीचे ६१ दिवस म्हणजे रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात इंजिनं उतरवण्याचे दिवस. नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात, जाळी दुरुस्त होतात, बुडं खरवडून रंगवली जातात आणि ज्यांना हंगामाने हात दिला ते मालक जुनं इंजिन काढून नवं बसवायचा बेत करतात. या बेतावर जेटीवर आठवडेच्या आठवडे खल चालतो. कंपनी कोणती, सिलिंडर किती, टर्बो आहे की नाही, कोरं घ्यावं की वापरलेलं, सुटे भाग रत्नागिरीत मिळतील की मुंबईला पळावं लागेल, सगळं बोललं जातं. गिअरबॉक्सच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येतं: ‘त्याला बसेल तो घेऊ.’ पंख्याच्या, म्हणजे प्रॉपेलरच्या, वाट्याला तेवढंही येत नाही. ‘तो काय, मागाहून जमवता येतो.’

आधी इंजिन, मग त्याला बसेल तो गिअरबॉक्स, शेवटी पंखा हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो कुणी तपासत नाही. माझं म्हणणं असं की हा क्रम मुळापासून उलटा आहे. निवड पंख्यापासून सुरू व्हावी, तिथून गिअरच्या गुणोत्तराकडे जावी आणि इंजिन सर्वांत शेवटी ठरावं. पण खंडनाआधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो अडाणीपणातून आलेला नाही.

पूर्वपक्षाची चार प्रमेयं आहेत. पहिलं, अश्वशक्ती वाढवली की वेग त्याच मापात वाढतो. दुसरं, गिअरबॉक्स इंजिनाच्या बेलहाउसिंगला बसला आणि इंजिनाची अश्वशक्ती त्याच्या कागदावर लिहिलेली असली की जोडी जमली. तिसरं, पंखा थोडा छाटून किंवा पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, बदलून कोणत्याही इंजिनाला जुळवता येतो. चौथं, शंका असेल तर मोठंच इंजिन घ्यावं. जास्तीची ताकद कधी वाया जात नाही.

या प्रमेयांमागे अनुभव आहे. किनाऱ्याजवळ मासळी पूर्वीसारखी राहिली नाही, त्यामुळे नौका लांब जातात आणि परतीचा प्रवास वाढतो. लिलावाला आधी पोचलेल्या मासळीला भाव बरा मिळतो. पर्ससीनवाल्याला बांगड्याच्या किंवा तारलीच्या थव्याभोवती झटपट वळसा घालायचा असतो. तिथे दोन मिनिटं उशीर म्हणजे रिकामं जाळं. वारा फिरला तर भगवती बंदराच्या आडोशाला लवकर यावं असं प्रत्येक तांडेलाला वाटतं. आणि ट्रकचं वापरलेलं दणकट इंजिन कोऱ्या सागरी इंजिनाच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळत असेल तर मालकाने ते का सोडावं? गरज खरीच आहे. वाद आहे तो त्या गरजेवर काढलेल्या उपायाशी.

आधी वेगाचा मुद्दा घेऊ. पाणी कापत जाणाऱ्या, पाण्यावर न उचलल्या जाणाऱ्या नौकेला तिची लांबीच लगाम घालते. जलरेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. जो आकडा येतो तेवढे नॉट ही त्या नौकेची सोयीची कमाल. ४५ फुटांच्या जलरेषेला तो ९ येतो. या वेगाला नौकेने स्वतःच उठवलेली लाट तिच्याच लांबीएवढी होते. पुढे जायचं तर त्या लाटेचा उतार चढावा लागतो, आणि तो चढ झपाट्याने उभा होत जातो. या मर्यादेच्या आतसुद्धा लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १२० अश्वशक्तीऐवजी २४० बसवली तर कागदावर वेग २६ टक्के वाढायला हवा, कारण दोनाचं घनमूळ १.२६ आहे. प्रत्यक्षात नौका आधीच मर्यादेच्या तोंडाशी असेल तर या सव्वीसातलाही थोडाच भाग पदरात पडतो. डिझेलचा हिशेब मात्र घनमुळाने चालत नाही. चांगलं इंजिन दर अश्वशक्तीला ताशी साधारण पाचवा हिस्सा लिटर डिझेल पितं; १२० अश्वशक्ती खेचली तर ताशी २४ लिटर, २४० खेचली तर ४८. दुप्पट डिझेल जाळून मिळालेला नॉट दीड नॉट मासळीच्या भावात बसतो का, हे गणित मालकानेच करावं.

यावर हमखास उत्तर येतं: ‘शेजारच्या बोटीत मोठं इंजिन बसवलं, ती पळते की!’ पळते, हे खरं. पण इंजिन बदललं तेव्हा ती नौका पाण्याबाहेर होती. तिचं बुड खरवडलं गेलं, शंख-शिंपल्यांचा थर निघाला, रंग लागला, पंखा नवा आला किंवा पॉलिश झाला, शाफ्टची रेषा सरळ झाली. एवढ्या बदलांचं श्रेय एकट्या इंजिनाला देणं तर्कशास्त्रात बसत नाही. ज्याला इंजिनाचा परिणाम पाहायचा आहे त्याने जुनं इंजिन ठेवून एकदा बुड साफ करावं आणि फरक मोजावा. न्यायशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर शेजारच्याचं सांगणं हे शब्दप्रमाण झालं. इथे गरज प्रत्यक्षाची आहे.

आता गिअरबॉक्स. मोटारीची शिकवण बोटीला जशीच्या तशी लावणं हे या गोंधळाचं मूळ आहे, म्हणून आधी मोटारीचंच उदाहरण घेतो. १९६४ साली ब्रिटनच्या रूट्स कंपनीने सनबीम अल्पाइन या चार सिलिंडरांच्या छोट्या स्पोर्ट्‌स मोटारीत फोर्डचं व्ही-८ इंजिन घातलं आणि तिला टायगर हे नाव दिलं. अमेरिकन शर्यतपटू कॅरल शेल्बी या कामात होता. इंजिनाबरोबर गिअरबॉक्स तर बदललाच, पण मागच्या आसाचं गुणोत्तरही अल्पाइनच्या ३.८९ वरून २.८८ वर आणलं. कमी फेऱ्यांत जास्त जोर देणाऱ्या इंजिनाला जुनं गुणोत्तर लागू नव्हतं. १९७३ साली एमजीने आपल्या जीटी मोटारीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ घातलं तेव्हाही आसाचं गुणोत्तर ३.९ वरून ३.०७ वर आलं. गिअरबॉक्स मात्र जुन्याच घराण्यातला ठेवला आणि त्याची किंमत मोजावी लागली: तिसऱ्या गिअरवरचा ओव्हरड्राइव्ह काढून टाकावा लागला, कारण त्या इंजिनाचा पीळ तिथे सोसवेना. आपल्या मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९८५ साली ११८ एनई निघाली, तेव्हा फियाटच्या अंगात निसानचं इंजिन आलं आणि त्यासोबत गिअरबॉक्सही निसानचाच आला. या तिन्ही कारखान्यांतल्या कुणीही ‘बसेल तो’ म्हणून विषय संपवला नाही.

मोटारीत तरी चूक थोडी पचते, कारण चार-पाच गिअर असतात. एका गिअरात इंजिन गुदमरलं तर चालक दुसऱ्यात टाकतो. नौकेत पुढे जायला एकच गिअर असतो. मागे जायला एक, आणि मधे न्यूट्रल. चुकीच्या गुणोत्तराची शिक्षा त्या एकाच गिअरला, प्रत्येक फेरीत, प्रत्येक तासाला भोगावी लागते. शिवाय ट्रकला उतार मिळतो. नौका कायम चढावर असते. म्हणून इंजिनाच्या पाटीवरची अश्वशक्ती वाचताना ‘किती तासांसाठी?’ हा प्रश्न सोबत विचारला पाहिजे. तेच इंजिन अधूनमधून पूर्ण जोर लावणाऱ्या कामाला एका आकड्याने आणि सतत चालणाऱ्या कामाला त्याहून कमी आकड्याने विकलं जातं. ट्रकचा गिअरबॉक्स नौकेत चालत नाही त्याचं आणखी एक कारण आहे. पंखा नौकेला ढकलतो तो रेटा शाफ्टमधून गिअरबॉक्सवर येतो. सागरी गिअरबॉक्सच्या पोटात तो रेटा घेणारं थ्रस्ट बेअरिंग असतं, ट्रकच्या गिअरबॉक्सला असल्या रेट्याशी कधी गाठच पडत नाही.

‘अश्वशक्ती जुळली की गिअरबॉक्स जुळला’ या दुसऱ्या प्रमेयाचं खंडन एका भागाकारात होतं. गिअरचे दात आणि क्लचच्या प्लेटा अश्वशक्तीने मोडत नाहीत, टॉर्कने मोडतात. म्हणजे पिळण्याच्या जोराने. अश्वशक्तीला ७१६ ने गुणून आरपीएमने भागलं की तो किलोग्रॅम-मीटरमध्ये मिळतो. १२० अश्वशक्ती २००० आरपीएमला म्हणजे ४३. हीच १२० अश्वशक्ती १५०० आरपीएमला म्हणजे ५७. पाटीवरचा आकडा तोच, गिअरबॉक्सवरचा भार एक तृतीयांशाने जास्त. म्हणूनच सागरी गिअरबॉक्सच्या पत्रकात क्षमता ‘प्रति आरपीएम इतके किलोवॉट’ अशी छापतात. २४० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १७६ किलोवॉट. ती १८०० आरपीएमला मिळत असेल तर गिअरबॉक्सची क्षमता प्रति आरपीएम ०.०९८ किलोवॉटच्या वर हवी. जुन्या १२० अश्वशक्तीच्या जोडीला ०.०४४ पुरत होते. शक्ती दुप्पट झाली, पण भार सव्वादोन पटीवर गेला. आणखी एक गोष्ट पत्रकात बारीक अक्षरांत असते: एकाच मॉडेलच्या गिअरबॉक्समध्ये गुणोत्तर जसं वाढतं तशी क्षमता बहुधा घटते, कारण आतलं लहान दातेरी चाक आणखी लहान होतं. तेव्हा नुसतं मॉडेलचं नाव सांगून गिअरबॉक्स मागवणं पुरेसं नाही. नाव आणि गुणोत्तर मिळूनच त्याची ताकद ठरते.

बेलहाउसिंगचं माप एसएई १, २, ३ अशा ठरावीक आकड्यांत येतं, त्यामुळे बोल्ट जुळतात आणि फसगत सुरू होते. बोल्ट जुळले तरी इंजिनाचे धक्के जुळतीलच असं नाही. सिलिंडर कमी-जास्त झाले की फ्लायव्हीलवर येणाऱ्या हिसक्यांची लय बदलते आणि मधलं लवचीक कपलिंग त्या लयीला साजेसं नसेल तर आयडलवर गिअरबॉक्स खडखडतो. काही गिअरबॉक्स पुढच्या गिअरात इंजिनाच्या दिशेने फिरतात, काही उलट. नवा गिअरबॉक्स उलट फिरणारा निघाला तर जुना उजवा पंखा नौकेला मागे ओढतो. मग कोणीतरी ‘रिव्हर्स हाच आपला फॉरवर्ड’ असा तोडगा काढतो. ज्या गिअरबॉक्सची रिव्हर्स बाजू सतत पूर्ण भार घ्यायला बनवलेलीच नाही, तो या तोडग्याने एका हंगामात कामातून जातो.

तिसऱ्या प्रमेयापाशी, म्हणजे पंख्यापाशी, सगळा वाद येऊन मिळतो. पंख्याचा कायदा साधा आहे: तो जेवढी शक्ती मागतो ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात. ऐंशी टक्के फेऱ्यांना तो जवळपास निम्मीच शक्ती मागतो. आता एक कल्पित पण जेटीवर रोज शोभेल असं उदाहरण घेऊ. जुनं इंजिन १२० अश्वशक्ती, २००० आरपीएम, गिअर ३:१. शाफ्ट मिनिटाला ६६७ फेरे करतो आणि पंखा त्या फेऱ्यांना पूर्ण १२० घेतो. नवं इंजिन २४० अश्वशक्ती, १८०० आरपीएम. गिअर ‘बसेल तो’ म्हणून पुन्हा ३:१, पंखा जुनाच. आता शाफ्टचे फेरे ६०० वर आले, आणि ६०० फेऱ्यांना तोच पंखा फक्त ८७ अश्वशक्ती मागतो. २४० घोड्यांपैकी ८७ जुंपले आणि दीडशे तबेल्यात राहिले. एवढंच नाही, फेरे कमी झाल्याने ही नौका जुन्या इंजिनापेक्षा हळू चालेल. इंजिन दुप्पट आणि वेग कमी, हा विरोधाभास गिअरच्या एका चुकीच्या आकड्याने उभा राहतो, आणि त्याचं खापर इंजिनावर फोडलं जातं.

यातून सुटायच्या वाटा दोन. एक, पंखा तोच ठेवून गुणोत्तर खाली आणणं. पंख्याला २४० अश्वशक्ती घ्यायला लावायची तर शाफ्ट ८४० फेऱ्यांवर न्यावा लागेल, म्हणजे गिअर सुमारे २.१४:१ हवा. रूट्स कंपनीने टायगरला नेमकं हेच केलं. पण रस्ता आणि पाणी यांत फरक आहे. जास्त फेऱ्यांना पंख्याच्या पात्यांची टोकं इतकी वेगाने जातात की पात्यापाठीमागे पाण्याचे बुडबुडे उठतात, फुटतात आणि धातू कुरतडतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. जोर पाण्याला लागण्याऐवजी फेसात जातो. दुसरी वाट, गुणोत्तर ३:१ ठेवून पंखा मोठा करणं. जुना पंखा ३३ इंचांचा असेल तर नव्या शक्तीला आणि नव्या फेऱ्यांना साधारण ४१ इंचांचा लागतो. शाफ्टवरचा पीळ सव्वादोन पट होतो, त्यामुळे ५० मिलिमीटरचा शाफ्ट ६५ चा करावा लागतो. शाफ्ट जाड म्हणून स्टर्न ट्यूब बदला, ग्लँड बदला, कपलिंग बदला. आणि एवढं करूनही ४१ इंचांचा पंखा मागच्या पोकळीत मावणार कसा? पात्याचं टोक आणि बुड यांत व्यासाच्या किमान दहाव्या हिश्शाइतकी तरी मोकळी जागा हवी, नाहीतर पंखा बुडाला हादरे देत राहतो. पंखा खाली सरकवावा तर मिरकरवाड्याच्या बंदरात गाळाची तक्रार जुनी आहे. ओहोटीला आत शिरणाऱ्या नौकेचा पंखाच आधी गाळाला लागतो.

म्हणजे छाटून जुळवण्याची सोय एका बाजूलाच आहे. मोठा पंखा लहान करता येतो. लहान पोकळीत मोठा पंखा कोणत्याही कानशीने बसत नाही. आणि छाटण्याची किंमतही कमी नाही, कारण पंख्याची शक्ती घेण्याची कुवत व्यासाच्या पाचव्या घातावर चालते. व्यास पाच टक्के कमी केला तर ढोबळ हिशेबाने ती पाचव्या हिश्शाहून अधिक घटते. डोळ्याच्या अंदाजाने कानस चालवणाऱ्याला हा घातांक माफ करत नाही.

मंडन इथून सुरू होतं. माशाच्या जाळ्याला ओढ लागते, आणि ओढ मोठ्या संथ पंख्यातून येते. ट्रॉलर जाळं ओढतो तेव्हा वेग तीन नॉटांच्या आसपास असतो. जवळजवळ उभ्या नौकेचंच हे काम. अशा वेळी मिळणारी ओढ शक्ती आणि व्यास यांच्या गुणाकाराच्या दोन-तृतीयांश घातावर अवलंबून असते. त्याच १२० अश्वशक्तीच्या इंजिनाला २:१ गिअर लावला तर शाफ्ट १००० फेरे करतो आणि पंखा सुमारे २६ इंचांचा येतो; ३:१ लावला तर ६६७ फेरे आणि ३३ इंच. इंजिन तेच, डिझेल तेवढंच, आणि ओढ सुमारे १७ टक्क्यांनी जास्त. ही वाढ नव्या इंजिनाने नाही, गिअरच्या आकड्याने दिली. अन्न आणि शेती संघटनेसाठी काम केलेले नॉर्वेजियन नौकारचनाकार ओयविंद गुलब्रान्सेन हेच सांगत आले: बंगाल उपसागर प्रकल्पासाठी १९८६ साली लिहिलेल्या इंधनबचतीच्या पुस्तिकेपासून २०१२ च्या हस्तपुस्तिकेपर्यंत त्यांचा भर संथ फिरणाऱ्या मोठ्या पंख्यावर, त्याला साजेशा जास्त गुणोत्तराच्या गिअरवर आणि इंजिन पूर्ण न ताणण्यावर आहे.

यातून क्रम निघतो. आधी मागची पोकळी मोजा आणि त्यात मोकळी जागा सोडून जास्तीत जास्त केवढा पंखा बसतो ते ठरवा. मग नौकेचं काम ठरवा. ट्रॉलरला ओढ हवी, गिलनेटवाल्याला लांब पल्ल्याचा किफायती वेग हवा, पर्ससीनवाल्याला थव्याभोवती चपळाई हवी. तिघांचं पिच एक असू शकत नाही. राज्याच्या २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ दिला आहे, त्यामुळे ज्याची नौका उरलेल्या महिन्यांत दुसरं काम करणार त्याने दोन कामांमधला तोडगा आधीच विचारात घ्यावा. पंख्याचा व्यास आणि काम ठरलं की शाफ्टचे फेरे ठरतात. इंजिनाचे फेरे त्यांनी भागले की गुणोत्तर येतं. त्या गुणोत्तराला लागणारी टॉर्कची क्षमता पत्रकात पाहिली की गिअरबॉक्स येतो. आणि एवढा पंखा जितकी शक्ती पचवू शकतो तितक्याच शक्तीचं, सतत चालण्याच्या आकड्याने मोजलेलं इंजिन घ्या. हा हिशेब न झेपणाऱ्याने इंजिन विकणाऱ्याला विचारण्याआधी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाची पायरी चढावी; ते १९८१ पासून इथेच आहे.

चौथ्या प्रमेयातला एक भाग मात्र मान्य केला पाहिजे. मोठं इंजिन हलक्या हाताने चालवलं तर ते दुप्पट डिझेल पीत नाही. पंखा मागेल तेवढंच जाळतं. पण ‘वाया जात नाही’ हे तरीही खरं नाही. वर्षानुवर्षं कमी भारावर चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या लायनर काचेसारख्या गुळगुळीत होतात, कार्बन साचतो, ते इंजिन ऑइल पिऊ लागतं. जास्तीचं वजन बर्फाची आणि मासळीची जागा खातं. आणि वादळात परतण्यासाठी राखीव ताकद हवी, या सर्वांत वजनदार आक्षेपाचं उत्तर असं: राखीव ताकद पंख्यातून पाण्याला लागली तरच ती राखीव. वरच्या उदाहरणातले दीडशे घोडे वादळातही तबेल्यातच राहतात, कारण शाफ्ट ६०० च्या वर फिरतच नाही. १०० टक्के फेऱ्यांना बरोबर जुळलेली नौका रोज ऐंशी टक्क्यांवर चालवली तर निम्मी शक्ती हाताशी असते. याहून खरी राखीव ताकद नाही.

अखेर प्रमाण प्रत्यक्षाचंच. ऑगस्टच्या पहिल्या फेरीत बर्फ, डिझेल, पाणी भरून नौका बाहेर काढावी, थ्रॉटल पूर्ण द्यावा आणि टॅकोमीटर पाहावा. इंजिन पाटीवरच्या आरपीएमला पोचत नसेल आणि काळा धूर टाकत असेल तर पंखा जड आहे किंवा गुणोत्तर कमी पडतंय. ते सहज गव्हर्नरला जाऊन टेकत असेल तर पंखा हलका आहे आणि घोडे तबेल्यात आहेत. नेमक्या आरपीएमला, स्वच्छ धुराने ते स्थिरावलं तर जोडी जमली, मग पाटीवर १२० असो की २४०. इंजिन कितीचं घेतलं हे जेटीवर सगळे विचारतील. मालकाने मात्र दुकानात शिरताना पंख्याच्या पोकळीचं माप आणि हवं असलेलं गुणोत्तर लिहून न्यावं, आणि दुकानदाराने आधी अश्वशक्ती विचारली तर ती शेवटी सांगावी.